सातवं नाव

माझ्या खात्यात एक टेबल, एक शिक्का
आणि एक वही, जिची पानं खाऱ्या हवेनं फुगून
पावासारखी झाली आहेत.
बेटियोच्या बंदराकडे तोंड करून मी बसतो,
कामगार संघटनांचा निबंधक.
या देशात जमीन चिमूटभर, पाणी अफाट
आणि संघटना मोजून अकरा.
त्याखेरीज चार मी स्वतः खोडल्या,
लाल शाईनं, पट्टी लावून.

या खेपेला क्रमांक नऊ:
सुकं खोबरं काढणाऱ्यांचा संघ, बाहेरचं बेट,
बोटीनं दोन रात्री, तिसऱ्या दिवशी ओकारी थांबते.
कलम सांगतं, सभासद सातांहून कमी झाले
की नोंदणी रद्द.
पाचामुखी परमेश्वर असेल;
संघटनेला सात तोंडं लागतात.

त्यांच्या वार्षिक विवरणात, मालमत्तेच्या रकान्यात,
दरवर्षी त्याच तीन ओळी, त्याच निळ्या अक्षरात:
किटली एक.
सायकल एक, चेन नाही.
लोखंडी माप, वीस किलो, खरं.

त्या 'खरं'वर मी एकदा शेरा मारला होता:
विशेषणं नकोत.
उत्तर चार महिन्यांनी आलं.
साहेब, गोदामातला काटा पोत्यामागे दोन किलो खातो,
म्हणून तर संघ काढला. शब्द राहू द्या.
मी राहू दिला.

मनेआबात सहाजण बसले होते, मांडी घालून,
ज्याच्या त्याच्या घराण्याच्या खांबाशी.
चिटणीस नेई तेरेतिआ,
चष्म्याच्या दांडीला मासे धरायची तंगूस.
सातवा कुठे?
तिनं फोन पुढे केला.
पुतण्या, बारानिको. साता समुद्रापार नव्हे, एकाच,
पण क्वीन्सलंडात, ढोबळ्या मिरच्या तोडतो.
वर्गणी पाठवतो. ही पावती.
मी म्हटलं, सभासद धंद्यात हवा,
त्यानं खोबरं सोडलं.
ती म्हणाली, खोबऱ्यानं सोडलं त्याला.

तिथे त्याला संघ आहे का, मी विचारलं.
हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.
तिनं तो लगेच फोनवर विचारला, ओरडून.
मागे ट्रॅक्टर. मग त्याचा आवाज:
इथे असलं विचारलं
की पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

सहाजण चटईकडे बघत राहिले.
मीही.

मग नोटीस काढली. नियमात स्पष्ट आहे:
संघाच्या कार्यालयाच्या भिंतीवर,
दर्शनी भागी, डकवावी.
खळीची बाटली हातात धरून मी उभा राहिलो.
मनेआबाला भिंत नसते.
छप्पर असतं, खांब असतात,
वारा इकडून येतो, तिकडून जातो,
आत बोललेलं गावाला ऐकू जावं म्हणून
बांधतातच तसं.
म्हातारा कबुआती पहिल्यांदा हसला.
खांबावर लावा की.
खांब म्हणजे भिंत नव्हे, मी म्हटलं
आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

बोट भोंगा वाजवत होती.
गोदामाशी तेरेतिआ दिसली, सायकल ढकलत,
कॅरियरला बांधलेलं ते माप.
खरेदीच्या दिवशी आणतेच, म्हणाली,
तुम्ही आलात म्हणून नाही.
काट्यावर ठेवलं. काटा अठरावर थांबला.
गोदामातल्या पोरानं काही न बोलता
स्क्रू पिळला.
एकोणीस.
तिनं माप उचललं नाही.
वीस.

वहीत, क्रमांक नऊसमोर, मी लिहिलं:
नोटीस बजावली नाही. भिंत उपलब्ध नाही.
पुढची बोट तीन महिन्यांनी.
तोवर वरून विचारणा येईल,
भिंतीपुरतं सिमेंट पाठवावं काय?
पाठवतीलही.
तेरेतिआ धक्क्यावर उभी असेल,
पोती आधी वजन करून घ्या, म्हणेल.