कंस

उद्यमबागेत दिवसभर
पंपांच्या कास्टिंगची बिलं सिस्टिमात भरतो.
अकरानंतर पुस्तक.
'रिकर्शन'ला मराठीत काय म्हणायचं
यात अख्खा श्रावण गेला,
शेवटी रिकर्शनच ठेवलं.

शहापुरातल्या प्रेसमध्ये
इराप्पा मुचंडी पानं जुळवतात.
आधी मागावर होते.
मराठी बोलतात, वाचता येत नाही.

काल त्यांचा फोन, ऑफिसात, ऐन मीटिंगमध्ये :
"एकशे बारावर
एक कंस उघडलाय सायबा,
मिटलेला कुठं दिसंना."

चारदा तपासलेलं पान.

"तुम्हाला कळलं कसं?"
"कळालं न्हाई, खरं मोजलं की.
धागा सुटला की हाताला लागतंय."

आभारात त्यांचं नाव घातलंय,
कन्नडात.
बरोबर लिहिलंय का,
ते त्यांनाच दाखवायला हवं.