एक ते चार

भिशीचा नंबर लागला तेव्हा वहिनी म्हणाल्या, बांगडी कर.
मी तपकीर गल्लीत गेले.
चाळीस हजारांत काय काय बसतं
ते पाकिटाच्या पाठीवर लिहिलं,
दोनदा खोडलं.
माइक कोथरूडच्या एका मुलाचा, जुना.
गाणं सोडून तो कॅनडाला निघाला होता.
खोकं हातात देताना म्हणाला,
जपा, हा ‘श’वर चिडतो.
हेडफोन नवे. साउंडकार्ड नवं, हप्त्यावर.
स्टँडला पैसे उरले नाहीत,
म्हणून टेबललॅम्पची मान कापली
आणि त्या धडावर माइक बसवला.
‘प’ आणि ‘फ’ची फुंकर अडवायला
भरतकामाची रिंग, तिच्यावर ताणलेला पायमोजा.
(धुतलेला.)

धायरी, तिसरा मजला, नऊ बाय दहा.
बोहारणीशी मी उलटा व्यवहार केला,
पैसे देऊन तिच्याकडून गोधड्या घेतल्या.
खाली पोचेपर्यंत जिन्यात ती हसत होती.
अंड्यांचे ट्रे लाव, असं सगळे सांगतात.
लावले.
काही होत नाही, झुरळं येतात.

वरच्या डिंगणकरांचा कुकर दहाला.
साडेअकराला पाण्याची मोटर,
साडेबाराला शाळेची रिक्षा, तिचा तो भोंगा.
आणि मग एक वाजता
हे शहर जेवून आडवं होतं.
शटरं खाली, फोन पालथे.
ज्या तीन तासांवरून पुण्याला जग हसतं
ते मी भाड्याने देते,
तासाला तीनशे.

पंखा बंद. फ्रिज बंद.
फ्रिज पुन्हा लावायचं विसरू नये
म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी.
दोन वेळा दूध नासल्यावर सुचलेली ही अक्कल.

पहिलं गिऱ्हाईक मैनुद्दीन भंगारवाला.
ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला.
आवाज तुमचाच द्या ताई, म्हणाला,
बाईमाणसाचा असला की लोक खिडकीत येतात.
जुनी बॅटरी, कूलर, पत्रा, रद्दी पेपर…
अकरा टेक घेतले. आठशे रुपये.
मग क्लासवाले. मग मिसळीच्या उद्घाटनाची जाहिरात.
जनता वसाहतीतला एक पोरगा,
शिव्या वगळून रॅप करायला येतो, आईसोबत,
वगळलेल्या जागी ती मान डोलावते.

सतराव्या महिन्यात वहीच्या तळाशी
पहिल्यांदा काळ्या शाईने आकडा लिहिला:
अकराशे चाळीस.
पेन तसंच धरून बसले थोडा वेळ.
बांगडी होत नाही एवढ्यात. बांगडीचा डबा होतो.

घैसास म्हणून एक आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
नर्मदा परिक्रमेची डायरी वाचतात,
नातवंडांसाठी, असं म्हणतात.
मागे जाऊन पुन्हा वाचतात, पुन्हा पैसे देतात.
परवा एका घाटापाशी त्यांचा आवाज जरा खाली गेला.
दीड वर्षात पहिल्यांदाच ते वाचत नव्हते, सांगत होते.
मी श्वास धरला. सुई हिरव्यात.

आणि खिडकीखालून, भर दोन वाजता,
जुनी बॅटरी, कूलर, पत्रा,
मीच.
रद्दी पेपर, मीच,
गल्लीच्या टोकापर्यंत आणि वळून परत.

घैसासांनी हेडफोन काढले,
चष्मा पुसला.
किती घेतलेत त्याच्याकडून?
आठशे.
हं. शब्द स्वच्छ आलेत.
डायरीचं एक पान त्यांनी मागे उलटलं.
घाटापासून घ्या, म्हणाले.

घेतलं. तसं पुन्हा आलं नाही.
पहिलंच ठेवलंय, कूलर-पत्र्यासकट,
वेगळ्या फोल्डरमध्ये, अजून त्यांना सांगितलेलं नाही.

चारला कुठेतरी एक शटर वर गेलं.
फ्रिज लावला, किल्ली काढली.
मुठीत धरून तीन मजले उतरले तरी
ती गारच होती.