खण

ऑफिसातल्या पाटीवर माझं पद लिहिलंय : शिपाई.
फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले कोळेकर, तेही शिपाईच.
माझ्या हातात घंटेचा हातोडा,
त्यांच्या हातात काठी.
जूनपासून पोरं आम्हा दोघांकडे सारखंच बघतात,
ते मला लागतं.

परिपत्रक आलं तेव्हा मीच वर्गावर्गांतून फिरवलं,
सह्या घेतल्या.
शून्य सहनशीलता, असं होतं त्यात.
सातवीतल्या एकीनं विचारलं, मावशी, म्हणजे किती?
मी म्हटलं, गणिताच्या बाईंना विचार.
बाई म्हणाल्या, सही कुठं करायची?

त्याआधी माझ्या टेबलाला एक खण होता.
म्हणजे, आहे अजून.
भोवरे, मांजाच्या रिळी,
कुणाच्या तरी बापाची गुटख्याची पुडी,
एकदा काड्यापेटीत सरड्याचं पिल्लू, जिवंत.
सकाळी आत, संध्याकाळी बाहेर,
मध्ये एक टपली.
ब्लेड असलं तर मात्र आईच्याच हातात,
आणि आई येईपर्यंत तो माझ्याशेजारी बसायचा,
घंटा द्यायचा.
त्या खणानं कुणाचं नाव कुठं लिहून ठेवलं नाही.

आठवीचा साईकिरण म्याकल.
मंगळवारी त्याचं दप्तर मीच तपासलं. हुकूम होता.
भूगोलाच्या वहीखाली कात्री :
काळी, टोकाशी झिजलेली,
मुठीला चिंधी गुंडाळलेली.
चिंधी बघूनच मला कळलं.
माझी आईही पानं कापायची, अंगठा सोलू नये म्हणून
अशीच गुंडाळायची जुन्या परकराची पट्टी.
मला कळलं होतं.
पण कोळेकर बाजूलाच उभे होते
आणि कात्रीसकट माझा हात वर गेलेला होता.

शाळा सुटल्यावर धार लावायला चाललो होतो, तो म्हणाला,
अशोक चौकात.
धार कशाला बे?
या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या विडी घरकुलात
शेंबडं पोरही देईल.
पण प्रश्न कागदावर गेला,
कागद जीपमध्ये गेला,
कात्रीला पाकीट झालं, पाकिटाला लाख,
आणि तिचं नाव पडलं मुद्देमाल.
आई आली धावत, हाताला तंबाखूचा वास,
एमय्यिंदी, एमय्यिंदी, काय झालं म्हणून विचारत.
सरांनी खुर्ची दिली. ती खाली बसली.

बारा जानेवारीला याच पोरांना रांगेनं
चार पुतळ्यांपाशी नेतो आम्ही.
मार्शल लॉ म्हणजे काय, ते गेल्या वर्षी
साईकिरणनंच सांगितलं होतं माइकवर,
एकदाही न अडखळता.
मी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याला कुणी शाळेतून काढलेलं नाही.
नाव पटावर आहे.
तो येत नाही, एवढंच.
घरी गेले तर उंबऱ्यात बसून विड्यांची तोंडं मुडपत होता.
आईकडं शेजारणीची कात्री, तीही रात्रीपुरती.
हजाराच्या जागी सहाशे होतात, ती म्हणाली,
आणि मला चहा दिला.
तो चहा मी कसा प्यायले, विचारू नका.

कोळेकर वाईट माणूस नाहीत.
डबा खाताना म्हणाले, मावशी, ड्यूटी आहे.
मी म्हटलं, तुमची पोरगी कुठल्या शाळेत?
त्यांनी इंग्लिश शाळेचं नाव सांगितलं.
तिथं फाटकावर कोण असतं?
त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला,
आणि बराच वेळ तो नुसता हातात धरला.

मधल्या सुट्टीत पहिलीच्या पोरांनी नवा खेळ काढलाय.
एक भिंतीला हात टेकून उभा राहतो,
दुसरा त्याचे खिसे चाचपतो.
तिसरी मावशी होते.
तिला फार काम नसतं.
तिनं फक्त हात वर करायचा.

आज सकाळी तिसरीतल्या एकाकडं भोवरा सापडला,
खिळा चांगला बोटभर.
कोळेकर पाणी प्यायला गेले होते.
मी खण ओढला. जूनपासून उघडला नव्हता, अडकला,
खालून गुडघा दिला तेव्हा आला.
भोवरा आत टाकला.
कुणाला सांगितलं नाही, हे एक इथं सांगते.
साडेपाचला येईल पोरगा.
टपली ठेवलीय तयार.