दांडीकडची बाजू

सोळा देशांचे झेंडे, प्रत्येकी चाळीस.
मापं कागदावर, रंगांना नंबर.
मुनाफ मंगलदासमधून साटीन घेऊन आला,
म्हणाला, चाची, या निळ्यात आणि त्या निळ्यात
अख्खा समुद्र आहे म्हणे, बघून शिवा.

शिवले.
बैलबाजारच्या पोटमाळ्यावर, पंखा बंद ठेवून,
वाऱ्याने साटीन हातात राहत नाही.
हॉकीतलं मला एवढंच ठाऊक, की धाकटी
शाळेत असताना स्टिकसाठी पैसे मागायची
आणि मी दिले नव्हते.

खाली, विमानतळाच्या रस्त्याला,
मिठीच्या कडेने कापड ताणलं गेलं,
नऊ फूट उंच, वर फ्लेमिंगो छापलेले.
आमच्या दारासमोर नेमके एकाचे पाय आले.
तुळसकर साहेब म्हणाले, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे मावशी,
पाहुणे यायचे असले की आपण
अंथरुणं पलंगाखाली ढकलतोच ना?
ढकलतो.
पण त्या अंथरुणात माणसं झोपलेली नसतात,
हे मला रात्री सुचलं.

स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी एक म्हातारा आला,
दोन कापडांमधल्या फटीतून,
जिथून आम्ही पाण्याला जातो.
कान लाल, बगलेत घडी घातलेला झेंडा,
दुमडीतला मुनाफचा शिक्का त्याने शोधून काढलेला,
आणि दुभाषा म्हणून रिक्षावाला.

चिडलेला नव्हता. मशीनवर पसरून दाखवलं:
आपलेच रंग, उभे केलेले.
हिरवा दांडीला हवा, केशरी मोकळा.
मी केशरी दांडीला शिवला होता,
हाताची सवय, केशरी आधी.
असा लागला तर तो आयर्लंड राहत नाही,
आयव्हरी कोस्ट होतो.
तीन दिवस मैदानावर त्याचा देश
दुसऱ्याच्या नावाने फडकत होता.
मागून बघितलं तर बरोबर आहे की,
मुनाफ म्हणाला. रिक्षावाल्याने हे सांगितलं नाही.

चाळीस कुठून उसवणार, एक उसवला, त्याचा.
तो स्टुलावर बसून चहा प्यायला,
बशीत ओतून, माझं बघून.
खिडकीतून त्याला फ्लेमिंगोंची पाठ दिसत होती,
पांढरीफटक, बांबू, सुतळी,
आणि अलीकडे आम्ही.
त्याने फोटो काढला. विचारून काढला.

तो फोटो कुठे कुठे गेला, मला काय माहीत.
तुळसकर साहेबांपर्यंत मात्र पोचला.
देशाची प्रतिमा, मावशी, असं सुरू करून ते बोलले,
पुढचे शब्द बरेचसे होर्डिंगवरचेच.
मी विचारलं, फोटोत मी कशी आलेय?
त्यांनी मोबाइल पुन्हा उघडला. बराच वेळ बघितलं.
चष्मा नाकावर घसरलाय, म्हणाले.

हॉटेलं भरली होती म्हणे,
पुढच्या वर्षी याहून जास्त येतील म्हणे.
माझ्या बिलातले निम्मे अजून यायचेत.
कापड उतरवायला पोरं आली तेव्हा
ते पाय तेवढे मी मागून घेतले,
पत्र्याखाली ताणले, दुपारचं ऊन जरा कमी उतरतं.
छापलेली बाजू वर की खाली, मुनाफने विचारलं.
खाली, म्हटलं.
आडवं झालं की दिसतात,
गुलाबी, गुडघ्यापर्यंत,
पाण्यात उभे.