पाणी जोखताना

डिसेंबरात तळ्यावर पाऊल टाकण्याआधी
मी गिरमिटाने भोक पाडतो,
आकड्याची पट्टी आत सोडतो,
बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून वाचतो.
पाच सेंटीमीटर : एकटा माणूस, तोही काठाकाठाने.
बारा : मी, घसरगाडी, ओली जाळी.
वीस झाले की शेजारचा यालमारी
ट्रॅक्टर आणायच्या गोष्टी करतो
आणि त्याची बायको त्याला हाताला धरून घरात नेते.

जाड म्हणजे भरवशाचं.
एवढं एकच गणित बापाने मला दिलं.

ओइवाच्या पोटात एक पापुद्रा आहे.
सगळ्यांच्याच असतो, आतड्यांवर पांघरलेला,
दुधावरच्या सायीहूनही पातळ.
मूत्रपिंडं काढली तेव्हा तो दहा महिन्यांचा होता.
तेव्हापासून रोज रात्री
आम्ही झोपलेलो असताना
त्या पापुद्र्याने एकट्याने त्याचं रक्त निवळलंय.

वर्षातून दोनदा त्याचं पाणी जोखतात.
रात्रीचं द्रावण पोटात तसंच ठेवून
आम्ही कुहमोहून पहाटे चारला निघतो.
रस्त्यावर रेनडिअर उभे, हलायचं नाव नाही.
पोटातलं पाणी हलू नये अशी गाडी चालवणं
म्हणजे काय, ते मला विचारा.

ओउलूच्या वॉर्डात पिल्वी नावाची नर्स आहे.
ती जुनं पाणी उतरवते, तोलते,
हिरव्या झाकणाची कोमट पिशवी जोडते.
या कुशीवर वळ. आता त्या कुशीवर.
पाणी सगळीकडे पोचायला हवं.
ओइवा म्हणतो, मी सील आहे,
आणि सीलसारखा भुंकतो.
शेजारच्या खाटेवरची मुलगीही भुंकू लागते.
मग चार तास.
सुरुवातीला एक नमुना, दोन तासांनी एक, सोबत रक्त,
चार तासांनी शेवटचा.
मधे आम्ही पत्ते खेळतो. तो लबाडी करतो.
मी बघत नाही.

गेल्या वसंतात पासष्ट होते.
या वेळी एक्क्याऐंशी.
मला वाटलं, मार्क वाढले.
मी हसलोही असेन. डॉक्टर रौतिओ हसल्या नाहीत.
त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

पापुद्रा जाड होतोय, म्हणाल्या,
आणि त्यात नको तितक्या रक्तवाहिन्या फुटल्यात.
घाण झटकन येते बाहेर, ते खरं,
पण पिशवीतली साखरही तितक्याच झटकन आत पळते
आणि पाण्याला ओढायला मागे कोणी उरत नाही.
एवढी वर्षं आपण तीच साखर ओततोय त्याच्यात,
दुसरं काही ओतण्यासारखं नव्हतं.
शेवटचं वाक्य बोलताना त्या
माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होत्या.

म्हणजे आतलं गणित उलटं.

नारिंगी झाकणाच्या पिशव्या आता अगदी नाइलाज असेल तरच.
रात्रीच्या फेऱ्या छोट्या, जास्त वेळा.
सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी या.
आणि माझं रक्त, माझा डावा की उजवा,
ते हेलसिंकीवाले फेब्रुवारीत ठरवतील.
मी म्हणालो, डावा घ्या, उजव्या कुशीवर मी झोपतो.
हे विज्ञान नाही, मला ठाऊक आहे.

घरी भिंतीवर वही टांगलेली असते.
वजन. रक्तदाब. किती घातलं, किती आलं.
मारयुक्काचं अक्षर सरळ, माझं तिरकं,
आणि मधे एका पानावर
ओइवाने काढलेला मासा, ज्याला पाय आहेत.
मंगळवारी घातल्यापेक्षा चाळीस मिली जास्त आलं.
मारयुक्काने त्याखाली रेघ ओढली, दोनदा.

आज तो माझ्याबरोबर काठापर्यंत आला.
नळीवर पट्टी, पट्टीवर बनियन,
वर दोन स्वेटर, वर कोट.
मी भोक पाडलं. पट्टी सोडली.
किती? त्याने विचारलं.
अकरा.
म्हणजे मी येऊ शकतो?
थोडं थांब, म्हटलं,
आणि दोन पावलं पुढे जाऊन
आणखी एक भोक पाडायला घेतलं.