पाण्यात पाहणं

एप्रिलचा दुसरा आठवडा. गॅस्कोनेड नदीला
उकळून उकळून करपलेल्या चहाचा रंग,
आणि बुटका पूल पाण्याखाली.
कामावरून येताना मी या काठाला अडकले,
म्हणजे व्हर्लिनकाकाच्या काठाला.
घर पलीकडे. बाबा पलीकडे.

नऊ वर्षं हे दोघे भाऊ
एकमेकांना पाण्यात पाहतात.
कारण एक ॲल्युमिनियमची होडी,
आजोबांनी तोंडी एकाला दिलेली
आणि कागदावर दुसऱ्याला.
होडी कधीच पुरात गेली. भांडण तेवढं
झाडाला बांधलेलं राहिलं.

काका मला चल म्हणाला नाही.
दुसरी काठी पिकअपमध्ये आधीच ठेवलेली होती.

"डार्ला, आज पाण्यात उतरायचं नाही.
आणि मधल्या धारेकडे बघूही नकोस.
तिथून ओंडके जातात, कोणाचा तरी गॅसचा टाका जातो,
मासा जात नाही.
तो काठाशी असतो, अगदी हातभरावर,
बुडालेल्या विलोच्या पाठीमागे,
जिथे पाणी उलटं वळून
जरा दम खातं."

बिस्किटांच्या डब्यातून त्याने माशी काढली.
माशी म्हणायची आपली;
अंगठ्याएवढी, काळीकुट्ट,
सशाच्या कातड्याची शेपटी, हरणाच्या केसांचं मठ्ठ डोकं.
खऱ्या माशीने ओळख दाखवली नसती.

काळी का?
"गढूळात रंग मरतात. सावली मरत नाही."
डोकं एवढं जाड?
"पाणी ढकलायला. तो आज डोळ्यांवर नाही,
कुशीवर एक रेघ असते त्याच्या,
तिने ऐकतो."

ती रेघ आमच्या घरात सगळ्यांना आहे.
जेवता जेवता बाबांचा काटा थांबतो
तेव्हा मला कळतं,
पलीकडे काकाचा पिकअप पुलाशी उभा आहे.

तीन वाव दोरी पुष्कळ, म्हणाला.
टाक. बुडू दे. ओढ, थांब.
थांबतेस ना, त्यापेक्षा जास्त थांब.
दोनदा विलोत अडकले. एकदा रेडबडच्या फांदीत;
जांभळी फुलं डोक्यावर पडली आणि काका
दुसरीकडे बघत हसला.
बोटं गार पडून स्वतःची वाटेनात.

मग हिसका नाही, काही नाही.
दोरी फक्त जड झाली,
अंधारात कोणी बाही धरावी तशी.

पितळी अंग, त्यावर काळपट पट्टे,
डोळा लाल, रागावलेला.
काकाने वीत लावली. दोन विती, वर एक बोट.
पोट अंड्यांनी टच्च.
"बाई आहे. सोड."
हातातून ती गेली आणि दुसऱ्या क्षणी
नव्हतीच कधी, इतकं पाणी जाड.

तेव्हा मला पलीकडचा पिवळा रेनकोट दिसला.
पूल जिथे बुडतो तिथे बाबा उभे.
पाणी किती चढलं बघायला आले असतील,
किंवा माझी गाडी बघायला.
आज पाण्यात कोणाला पाहायची सोयच नव्हती,
म्हणून असेल, त्यांनी मान वर केली.

नदीच्या आवाजात हाक पोचत नाही.
त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले,
फूटभर अंतरावर:
एवढा?

काका थुंकला. काठी गवतावर ठेवली.
दोन्ही हात पसरले, आणखी पसरले,
होडीच्या रुंदीएवढे.

बाबांनी मान हलवली.
दीडशे यार्डांवरून मला ती ओळखता आली,
घरात कोणी थाप मारली की हलते ती.
पण ते गेले नाहीत.
मधून एक अख्खं झाड गेलं, मुळं वर करून;
ते गेल्यावरही तिथेच होते.

परवापर्यंत पाणी उतरेल म्हणतात.
काकाने डबा बंद केला, परत उघडला,
एक काळी माशी निवडली,
ती ठेवली, दुसरी निवडली,
आणि माझ्या टोपीला अडकवली.
कोणासाठी, ते बोलला नाही.