वजा अडीचची काच

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, चष्म्याचं दुकान.
माझं काम एवढंच: हनुवटी इथे ठेवा,
कपाळ टेकवा, रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो का?
आणि माणसं ठेवतात, टेकवतात, बघतात.
पापणी हलवू नका म्हटलं की हलवत नाहीत.

त्यातूनच डोक्यात शिरलं असावं.
वाशीला, एका मंगल कार्यालयाच्या पोटमाळ्यावर
सहा रविवारांचा कोर्स, पंचवीसशे रुपये, चहा वेगळा.
शेवटच्या दिवशी सरांनी प्रमाणपत्र दिलं,
त्यात माझ्या आडनावाचा उकार चुकलाय.

मग कडेचा टवका उडालेली एक काच, वजा अडीचची,
दोऱ्याला बांधून खिशात ठेवली.

तेव्हापासून मी राज्य करतो.
स्टेशनबाहेरचा रिक्षावाला मान उडवतो, जवळचं भाडं नाही.
मी फक्त त्याच्या भुवयांच्या मधे बघतो:
तुझा हात जड होतोय... मीटरकडे जातोय...
सोसायटीचे सेक्रेटरी हर्डीकर पार्किंगची नोटीस स्वतःच फाडतात,
विचारतात, कुठली जागा सोयीची पडेल?
कर्जवसुलीवाली पोरगी फोनवर पाच, चार, तीन
मोजता मोजता गाढ झोपते.
बिचारी दिवसभर बोलत असते, तिला मी उठवत नाही.
चंपालालशेठ पगार वाढवतात आणि वर म्हणतात, पुरेल ना?
मल्हार दोडका खातो.
मागून घेतो.

घरी मात्र काच चालेना.
अश्लेषाला बसवलं, दिवा मंद केला, म्हटलं जिना उतर,
एकेक पायरी, अंग सैल सोड.
तिसऱ्या पायरीवर ती घोरायला लागली.
मी आनंदाने वहीत तारीख टाकली,
आणि मग आठवलं, ती पहाटे पाचची उठलेली.
ते संमोहन नव्हतं. तो मंगळवार होता.

बोनकोड्याचे हसूराम मढवी जवळचा नंबर काढायला आले,
भर दुपारी, शेठ जेवायला गेलेले.
म्हणाले, झोप नाय लागत, तिच्यावर हाय का काच?
माझा हात खिशात गेला.

दहा. नऊ. डोळे मिटले. आठ. खांदे उतरले.
कोर्समधलं वाक्य मी जसंच्या तसं म्हणालो:
आता तुम्ही तुमच्या सगळ्यात शांत जागी आहात. काय दिसतंय?
"बांध," ते म्हणाले.
"भरती लागलीय. उघाडी लावाया पायजे."
मग बराच वेळ काही नाही.
"बापूस उभा हाय पल्याड. हात करतंय."
मिटल्या डोळ्यांनी बोट उचलून दाखवलं त्यांनी,
फ्रेमच्या रॅकच्या आरपार,
जिथे मोबाइलचं दुकान आहे, त्याच्यावर क्लास,
त्याच्यावरही क्लास.

आता झोपेची सूचना द्यायची असते. वही उघडीच होती.
पण ते वाकले, आणि खुर्चीतच
पँटचे पाय दुमडू लागले,
एकेक घडी, चिखलात उतरणाऱ्या माणसासारखी, सावकाश.
मी माझे पाय स्टुलाच्या दांडीवर उचलून घेतले.
का, ते माहीत नाही.

तीन म्हटलं की माणूस जागा होतो.
एक म्हटलं. दोन म्हटलं.
बाहेर बस वळली, कंडक्टर कुणावर तरी खेकसला.
तीन तोंडातून निघायला किती वेळ लागला
सांगता येणार नाही, घड्याळ माझ्या पाठीमागे होतं.

शेठ आले. मढवींनी अधिक दोनचा चष्मा घेतला,
साडेतीनशेचा, घासाघीस करून तीनशे दहाला.
गेले तेव्हा पँट तशीच दुमडलेली.

रिक्षावाला अजून मान उडवतो. मी चालत जातो,
आणि हल्ली पंधरा नंबरच्या कोपऱ्यावर
पाऊल जरा जपून टाकतो.
दर गुरुवारी मढवी येतात, चष्मा सैल झालाय म्हणतात.
सैल नसतो. मी स्क्रू काढतो, परत लावतो,
आणि आम्ही दोघंही
माझ्या खिशाकडे बघत नाही.